सोलापूरचे डॉ. कोटणीस : सिनेमाने सांगितलेले आणि न सांगितलेले

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनमध्ये प्लेगने गेले, असे सांगणारे लोक आजही भेटतात. त्यांची चूक नाही. त्यांनी किंवा त्यांच्या आईवडिलांनी व्ही. शांताराम यांचा १९४६ सालचा चित्रपट पाहिलेला असतो. त्या चित्रपटात चीनमध्ये साथ पसरते, तरुण भारतीय डॉक्टर तिच्यावर इलाज शोधतो आणि शेवटी त्याच रोगाला बळी पडतो. प्रत्यक्षात कोटणीस गेले अपस्माराने, म्हणजे फिट येण्याच्या आजाराने. तारीख ९ डिसेंबर १९४२, ठिकाण उत्तर चीनमधल्या हेबेई प्रांतातले एक खेडे, वय ३२.

फरक एवढासाच वाटतो. पण एका माणसाचा मृत्यू बदलून सांगावा लागतो तेव्हा त्यामागे काही कारण असते, आणि ते कारण समजून घ्यायचे तर १९३८ ते १९४६ या आठ वर्षांचे राजकारण पाहावे लागते. महापुरुषांवरचे सिनेमे आणि मालिका पाहून इतिहास शिकणाऱ्या आपल्या पिढीने हे एक प्रकरण तरी नीट वाचले पाहिजे.

कोटणीसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा, सोलापूरचा. घर मध्यमवर्गीय, भावंडे बरीच. वडील शांताराम कोटणीस गिरणीत नोकरीला होते. त्या काळचे सोलापूर म्हणजे गिरण्यांचे, कामगार वस्त्यांचे शहर. एप्रिल १९३० मध्ये सोलापूर नगरपालिकेने आपल्या इमारतीवर तिरंगा लावला. मे महिन्यात गांधीजींच्या अटकेनंतर शहर पेटले, गोळीबार झाला, दोन-तीन दिवस इंग्रजांचा अंमल शहरात नावालाही उरला नाही. मग १२ मे पासून ३० जूनपर्यंत मार्शल लॉ आला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिले गेले. कोटणीस तेव्हा विशीत होते. गावातल्या चार जणांना फासावर चढवलेले ज्या पोराने विशीत ऐकले, तो पुढे निव्वळ दवाखाना थाटून बसला नाही, याचे मला फार आश्चर्य वाटत नाही.

मुंबईच्या सेठ गोरधनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात त्यांनी वैद्यकीचे शिक्षण घेतले. पुढच्या परीक्षेची तयारी चालू असतानाच चीनची हाक आली.

जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर पूर्ण ताकदीने हल्ला केला होता. चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेचे सेनापती जनरल चू तेह यांनी नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर पाठवण्याची विनंती केली. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष होते सुभाषचंद्र बोस. त्यांनी देशभर आवाहन केले, ७ ते ९ जुलै या तीन दिवसांत चीनसाठी निधी गोळा झाला. सुमारे २२,००० रुपये जमले आणि एका रुग्णवाहिकेची सोय झाली. पाच डॉक्टर निवडले गेले : अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, सोलापूरचे कोटणीस, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी. अटल नुकतेच स्पेनच्या यादवी युद्धात जखमींची सेवा करून आले होते, म्हणून पथकाचे नेतृत्व त्यांच्याकडे. १ सप्टेंबर १९३८ रोजी 'राजपुताना' जहाजाने हे पथक मुंबईहून निघाले.

इथे थोडे थांबून त्याच मुंबईकडे पाहू. पथक निघाल्यावर दोन महिन्यांनी, ७ नोव्हेंबर १९३८ रोजी, त्याच शहरात बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने आणि कम्युनिस्टांनी मिळून काळ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध संप पुकारला. विधेयक कामगाराचा संपाचा हक्क आवळणारे होते आणि ते आणले होते मुंबई प्रांतातल्या काँग्रेस मंत्रिमंडळाने. त्या दिवशी पोलिसांनी कामगारांवर गोळ्या चालवल्या. म्हणजे ज्या पक्षाने चीनच्या शेतकऱ्यांच्या सैन्यासाठी डॉक्टर पाठवले, त्याच पक्षाचे सरकार घरच्या कामगारांवर गोळीबार करत होते. याचा अर्थ कोटणीसांचे जाणे खोटे होते असा नाही. पण काँग्रेसने चीनला डॉक्टर पाठवले हे सगळीकडे सांगितले जाते, आणि त्याच वर्षीच्या ७ नोव्हेंबरची आठवण मात्र आपल्यालाच काढावी लागते.

आणखी एक गोष्ट बौद्ध वाचकांनी नजरेआड करू नये. चीनवर तुटून पडलेला जपान हा बुद्धाला मानणारा देश होता. तिथल्या अनेक बौद्ध संप्रदायांनी सम्राटाच्या युद्धाला पाठिंबा दिला. जपानी सैनिक बुद्धाच्या मंदिरात विजयासाठी प्रार्थना करतात हे कळल्यावर रवींद्रनाथ टागोर संतापले होते. त्यावर त्यांनी कविता लिहिली, आणि १९३८ मध्येच जपानी कवी नोगुची यांच्याशी त्यांचा या युद्धावरून जाहीर पत्रव्यवहार झाला. करुणेचा धम्म सत्तेच्या दावणीला बांधला की काय होते, ते त्या वर्षांत साऱ्या आशियाने पाहिले.

पथक कँटनला पोहोचले. तिथून चांगशा, हँको, चुंगकिंग. बॉम्बवर्षाव सुरूच होता. चुंगकिंगला असताना कोटणीसांना वडील गेल्याची बातमी मिळाली. घरी आई, भावंडे. परत फिरायला याहून मोठे कारण कुठले? ते परत फिरले नाहीत. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला, कम्युनिस्टांच्या डोंगराळ मुख्यालयात पोहोचले. माओंनी त्यांचे स्वागत केले. डॉक्टरांना चिनी नावे मिळाली आणि प्रत्येकाच्या नावाला चीनदर्शक 'हुआ' जोडला गेला. कोटणीस झाले के दिहुआ.

पथकातले तिघे पुढे टप्प्याटप्प्याने भारतात परतले, बसू आणि कोटणीस राहिले. नागपूरच्या चोळकरांचे नाव आज किती जणांना माहीत आहे? त्यांनीही तीच जोखीम पत्करली होती. पण परत आलेल्यांवर सिनेमा निघत नाही.

१९४० मध्ये कोटणीस आघाडीवरच्या प्रदेशात, वुताई पर्वताच्या परिसरात गेले. वुताई म्हणजे चिनी बौद्धांच्या दृष्टीने बोधिसत्त्व मंजुश्रीचे स्थान. शतकानुशतके यात्रेकरू जिथे जात होते, त्या डोंगरांत आता गनिमी सैन्य लढत होते. याच भागात कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथून यांनी जखमींसाठी इस्पितळ उभारले होते. शस्त्रक्रिया करताना बोट कापले, रक्तात विष भिनले आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये बेथून वारले. त्यांच्या नावाने सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय शांती इस्पितळाचे संचालकपद जानेवारी १९४१ मध्ये कोटणीसांकडे आले.

इस्पितळ म्हणजे काय, तर खेड्यातली घरे, मिळेल ती खोली, उकळलेले पाणी, अपुरी औषधे. शत्रू जवळ आला की रुग्णांना स्ट्रेचरवर घालून डोंगरात न्यायचे. १९४० च्या मोठ्या लढाईत कोटणीसांनी सलग ७२ तास न झोपता शस्त्रक्रिया केल्या. त्या काळात त्यांनी ८०० हून अधिक जखमींवर उपचार केले. ते चिनी बोलायला आणि लिहायलाही शिकले, बेथून यांच्या नावाच्या वैद्यकीय शाळेत चिनी भाषेतून शिकवू लागले. शल्यचिकित्सेवर एक प्राथमिक पुस्तक त्यांनी पूर्ण केले, दुसरे सविस्तर पुस्तक लिहायला घेतले. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा भाग हाच आहे. शस्त्रक्रिया करून डॉक्टर एका वेळी एक जीव वाचवतो. खेड्यातल्या पोरांना शस्त्रक्रिया शिकवली तर तो गेल्यावरही काम चालते. पण फळ्यासमोर उभा असलेला शिक्षक पडद्यावर फारसा आकर्षक दिसत नाही.

बेथून यांच्या समाधीच्या कार्यक्रमात त्यांची गाठ गुओ चिंगलान यांच्याशी पडली. त्या परिचर्या शिकवत. १९४१ च्या अखेरीस दोघांनी लग्न केले. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ : यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. त्याआधी महिनाभर, जुलै १९४२ मध्ये, कोटणीस चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य झाले होते. फिट येण्याचा त्रास वाढत चालला होता, तरी काम थांबले नव्हते. डिसेंबरमध्ये ते गेले तेव्हा मुलगा साडेतीन महिन्यांचा होता आणि दुसरे पुस्तक अर्धवट होते.

आता भारतात काय चालले होते ते पाहा. १९४२ हे वर्षच मोठे गुंतागुंतीचे. फेब्रुवारीत चीनचे चँग कै शेक भारतात येऊन गेले. जुलैमध्ये कम्युनिस्ट पक्षावरची बंदी उठली, कारण हे लोकयुद्ध आहे असे म्हणून पक्ष युद्धाच्या बाजूने उभा राहिला होता. त्याच जुलैत बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. फॅसिझम आणि नाझीवाद जिंकला तर स्वातंत्र्याला काही अर्थच उरणार नाही, ही त्यांची भूमिका होती. ऑगस्टमध्ये काँग्रेसने छोडो भारतची हाक दिली आणि तिचे नेते तुरुंगात गेले. आणि ज्या सुभाषबाबूंनी जपानविरुद्ध लढणाऱ्या चीनला डॉक्टर पाठवले होते, ते पुढच्याच वर्षी जपानच्या मदतीने आझाद हिंद फौजेचे नेतृत्व करू लागले. एकट्या कोटणीसांच्या नावाभोवती देशातले इतके परस्परविरोधी प्रवाह येऊन मिळतात.

बसू १९४३ मध्ये भारतात परतले. १९४४ मध्ये ख्वाजा अहमद अब्बास यांनी, जो परत आला नाही त्या डॉक्टरची कहाणी इंग्रजी पुस्तकात लिहिली. अब्बास हे डाव्या विचाराचे पत्रकार आणि इप्टाचे कार्यकर्ते. १९४६ या एका वर्षात त्यांच्या लेखणीतून 'धरती के लाल', 'नीचा नगर' आणि कोटणीसांवरचा चित्रपट अशा तीन कथा पडद्यावर आल्या.

ही कथा उचलली शांतारामांनी. राजकारण पडद्यावर कसे आणायचे आणि सेन्सॉरच्या कात्रीतून कसे वाचवायचे, हे त्यांना प्रभातपासूनच ठाऊक होते. १९३० साली त्यांनी शिवरायांवर काढलेल्या चित्रपटाचे नाव 'स्वराज्य तोरण' होते. सेन्सॉरला ते खपले नाही. तो 'उदयकाल' नावाने आला. १९३५ साली संत एकनाथांवर, अस्पृश्यतेच्या प्रश्नावर चित्रपट काढला, बालगंधर्वांना एकनाथ केले. नाव होते 'महात्मा'. गांधीजींची आठवण होते म्हणून तेही बदलावे लागले, 'धर्मात्मा' झाले. त्याच वर्षी, १३ ऑक्टोबरला, बाबासाहेबांनी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली. पडद्यावर उदार संत अस्पृश्याच्या घरी जेवत होता आणि येवल्यात अस्पृश्य स्वतःच उठून चालू लागले होते. 'धर्मात्मा' चांगला की वाईट, हा माझा मुद्दा नाही. त्या काळचा प्रगतिशील सिनेमा कुठवर येऊ शकत होता आणि कुठे थांबत होता, हे या दोन घटना शेजारी ठेवल्या की समजते.

१९४२ मध्ये शांतारामांनी प्रभात सोडली आणि मुंबईत राजकमल कलामंदिर उभारले. युद्धामुळे कच्ची फिल्म सरकारच्या ताब्यात होती. परवाना असेल त्यालाच ती मिळे. चित्रपटाची लांबी ११,००० फुटांवर बांधली गेली होती आणि निर्मात्यांनी युद्धाला पोषक चित्रपट काढावेत अशी सक्ती होती. इंग्रजांचा प्रचार करायचा नाही, पण फिल्म तर हवी, असा पेच. कोटणीसांच्या कथेने तो सोडवला. चीन दोस्त राष्ट्रांपैकी एक, जपान शत्रू. म्हणजे सरकारच्या हिशेबी हा युद्धप्रयत्नांचा चित्रपट. नायक मात्र काँग्रेसने पाठवलेला भारतीय डॉक्टर; म्हणजे प्रेक्षकाच्या हिशेबी राष्ट्रीय चळवळीचा चित्रपट. कम्युनिस्टांच्या लोकयुद्धाच्या भूमिकेलाही तो चालणारा. तिघांनाही आपलाच वाटेल असा नायक त्या वर्षांत दुसरा सापडला नसता.

कोटणीसांची भूमिका शांतारामांनी स्वतः केली, चिंगलान झाल्या जयश्री. संगीत वसंत देसाईंचे, कथा-पटकथा अब्बास आणि वसंत साठे यांची. इंग्रजी आवृत्तीही काढली गेली. पण चित्रपट १९४६ मध्ये येईपर्यंत खाली जमीनच हलली होती. युद्ध ऑगस्ट १९४५ मध्ये संपले होते. लाल किल्ल्यात आझाद हिंद फौजेच्या अधिकाऱ्यांवर खटला चालला आणि सारा देश त्यांच्या बाजूने उभा राहिला. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईच्या बंदरात नौसैनिकांनी बंड केले. युद्धाला मदत म्हणून ज्याची सुरुवात झाली, तो चित्रपट साम्राज्य जाण्याच्या वेळी पडद्यावर आला आणि लोकांनी तो स्वातंत्र्याचाच चित्रपट म्हणून पाहिला.

आता प्लेगकडे परत येऊ. सर्वांना चालणाऱ्या नायकाला सर्वांना चालणारा मृत्यू लागतो. फिटचा आजार त्या काळी लोक लपवून ठेवत. त्यात शौर्य दिसत नाही. साथीशी लढता लढता मरणे मात्र कुणालाही समजते. शिवाय प्लेग अगदी हवेतून काढला असेही नाही : जपानी सैन्याने १९४० मध्ये चीनच्या निंगबो शहरावर प्लेगच्या पिसवा टाकल्या होत्या. पण ते शहर कोटणीस होते त्या डोंगरांपासून फार दूर. चित्रपटातले जपान्यांच्या तावडीत सापडणेही पटकथेतलेच. या भरीसोबत काही गोष्टी मागे राहिल्या. प्रेक्षकांच्या मनात राहिला तो हसरा, प्रेमळ, त्यागी देशभक्त. पक्षाचे सदस्यत्व घेणारा, चिनी भाषेत वर्ग घेणारा, आजार अंगावर काढत पाठ्यपुस्तक लिहिणारा कोटणीस तिथे उरला नाही.

तरी शांतारामांना दोष देऊन मोकळे होणे मला बरोबर वाटत नाही. हा चित्रपट नसता तर कोटणीस चोळकरांसारखेच विस्मरणात गेले असते. नाव टिकले ते सिनेमामुळे. सिनेमाची ही ताकद आपल्या चळवळीलाही माहीत होती. आचार्य अत्रे यांच्या 'महात्मा फुले' चित्रपटाच्या मुहूर्ताला बाबासाहेब स्वतः हजर राहिले होते, ते उगाच नाही. मात्र सिनेमा पाहून थांबणाऱ्याला अर्धाच माणूस मिळतो. उरलेला अर्धा पुस्तकांत आणि कागदपत्रांत शोधावा लागतो.

पुढेही या आठवणीचा भाव राजकारणाबरोबर वरखाली होत राहिला. १९५० च्या दशकात हिंदी-चिनी भाई-भाईच्या काळात कोटणीस दोन्ही देशांचे लाडके होते. १९६२ च्या युद्धाने ते सगळे पुसले. चीनच्या पक्षात मेलेला डॉक्टर हा अडचणीचा विषय झाला. संबंध सुधारू लागल्यावर त्यांची पुन्हा आठवण निघाली. चीनने १९८२ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट काढले आणि त्याच सुमारास तिथे त्यांच्यावर चित्रपटही निघाला. भारताचे तिकीट आले १९९३ मध्ये. २००६ मध्ये राष्ट्राध्यक्ष हू जिंताओ आणि २०१३ मध्ये पंतप्रधान ली कचियांग भारतात आले तेव्हा मुंबईत कोटणीसांच्या कुटुंबीयांना भेटले. सीमेवर तणाव असो वा व्यापाराची बोलणी, दोन्ही सरकारांना हातात धरायला एक निर्विवाद नाव लागते, आणि ते कोटणीसांचे असते.

त्यांची समाधी आज हेबेई प्रांतातल्या शिच्याच्वांग शहरातल्या हुतात्मा उद्यानात आहे. बेथून यांचीही तिथेच. सोलापुरात भैय्या चौकाजवळच्या त्यांच्या घराचे स्मारक झाले आणि २०१२ च्या जानेवारीत ते लोकांसाठी खुले झाले.

यिनहुआ वडिलांसारखाच वैद्यकीचा विद्यार्थी होता. पदवी हाती येण्याआधीच, १९६७ मध्ये, वयाच्या पंचविशीत तो वारला. चिंगलान त्यानंतर पंचेचाळीस वर्षे जगल्या. नवऱ्याच्या माणसांना भेटायला त्या अनेकदा भारतात आल्या. सोलापूरचे स्मारक उघडले त्याच २०१२ साली त्यांचे चीनमधल्या दालियान शहरात निधन झाले.